तिसरा कागद कोरा पाहिजे

मला लिहायला जिने शिकवलं तिला स्वतःला लिहिता यायचं नाही.

म्हणजे अडाणी होती असं नाही हां! इंग्लिश शॉर्टहँड, मराठी टायपिंग, सगळं यायचं. फळ्यावर खडूने लिहायला लागली की बघत बसावं असं अक्षर. पण समोर कागद ठेवा, हातात पेन द्या, की तिच्या उजव्या हाताचा अंगठा गोगलगायीसारखा आत जायचा, बाकीची बोटं त्याच्यावर मिटायची आणि पेन तिथेच अडकून उभं. अक्षर नाही, रेघ नाही, काहीच नाही.

हिल्डा मिस. समोर आम्ही तिला अहो-जाहो करायचो आणि पाठीमागे 'मिस आली, मिस गेली'. आता पाठीमागेच बोलायचं राहिलंय, म्हणून तसंच लिहिते.

परवा कल्याणला त्या गल्लीत गेलेले. मिसच्या बिल्डिंगच्या जागी खड्डा आहे, भोवती निळे पत्रे. पत्र्याच्या फटीतून बघत उभी राहिले, वॉचमन बोलला, "मॅडम, बुकिंग ऑफिस उधर है." घरी आले आणि फोनवर हे टाइप करायला बसले. दोन अंगठ्यांनी, धडाधड. मिस असती तर मागून येऊन फोन अलगद उचलला असता. नाही उचलता आला तर बोलली असती, "किती घट्ट धरतेस गो? पळून जाणारे का तो?"

ही तिची खोड होती. मागून यायची. पायात कापडी सपाता, त्यामुळे आवाज नाही. तुम्ही मान खाली घालून लिहिताय, आणि अचानक दोन बोटं खाली यायची आणि पेनाचं वरचं टोक धरून ओढायची. पेन सुटून तिच्या हातात गेलं तर तुम्ही पास. पेनाबरोबर तुमचा हात पण वर गेला तर, "बघ. हा हात नाही, पक्कड आहे."

मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझा हात खांद्यापर्यंत वर गेलेला.

लॉचं पहिलं वर्ष होतं. आमच्याकडे सगळं हाताने. सर डिक्टेट करणार, आपण उतरवणार, परीक्षेत तीन तास परत तेच. मी लहानपणापासून दाबून लिहिणारी. माझं आपलं ठाम मत होतं की घट्ट लिहिलं की घट्ट लक्षात राहतं! वहीचं पान उलटलं की मागच्या बाजूला सगळी अक्षरं आंधळ्यालाही वाचता येतील अशी उठलेली असायची, आणि मला त्याचा अभिमान होता. मग अंगठ्याच्या बुडाशी कळ यायला लागली. मग चहाचा कप उचलताना. मग रात्री कूस बदलताना. आई बोलली, "घरभर बामचा वास येतोय, जा बाई कोणालातरी दाखव." डॉक्टर बोलले लिहिणं कमी कर. म्हणजे काय, परीक्षा तोंडी देऊ?

वर्गातला वैभव मला मिसकडे घेऊन गेला. त्याचा हात तिनेच वाचवलेला. हा वैभव म्हणजे असा माणूस की लिहिताना कागद फाडायचा. अक्षरशः. पूर्णविराम दिला की भोक.

कल्याणला बाजाराच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर तिची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. होती म्हणजे बोर्ड होता. टायपिंग शिकायला येणारं कोणी उरलेलं नव्हतं. मशीन्स रेक्झिनच्या कव्हरांखाली ओळीने बसलेली, शिक्षा झालेल्या पोरांसारखी. त्याच टेबलांवर आता आम्ही बसायचो. लॉवाले, स्पर्धा परीक्षावाले, आणि आयांनी हाताला धरून आणलेली शाळेतली मुलं. "मिस, ह्याचं अक्षर सुधारा ना." मिस ठरलेलं उत्तर द्यायची, "अक्षर सुधारायचं तर दुसरीकडे जा. मी हात सुधारते."

पहिल्या दिवशी तिने माझं नाव पण नाही विचारलं. "कुठून आलीस?"

"शहाड."

"बस, शहाडवाली." तेव्हापासून मी शहाडवाली. शेवटपर्यंत.

माझ्यापुढे तिने तीन कोरे कागद ठेवले आणि मधे मधे कार्बन घातले. टायपिंगचे जुने कार्बन, तिच्याकडे खोकी भरून पडलेले. "लिही. काहीपण. अर्धं पान." मी लिहिलं. मिसने कागद एकेक वेगळा केला. दुसऱ्यावर निळं उमटलेलं. तिसऱ्यावर पण, ठळक.

"गवंडी आहेस," मिस बोलली. "अख्खं आयुष्य लोक माझ्याकडे येऊन कार्बन चांगला उमटवायला शिकले. तू उलटं शिकायचं. तिसरा कागद कोरा पाहिजे. मग दुसरा."

बस, हाच तिचा सिलॅबस. पुस्तक नाही, फी पण काय द्याल ती. तिसरा कोरा झाला की लोक परीक्षा पास झाल्यासारखे पेढे वाटायचे, आणि दुसरा कोरा व्हायला लोकांना महिने लागायचे.

शिकवायची कशी सांगू! बॉलपेन बंद. शाईचं नाहीतर जेल, जे आपोआप वाहतं. "ते वाहतंय ना? मग तू कशाला ढकलतेस?" बारीक पेनाला जुन्या साडीची पट्टी गुंडाळून जाड करायचं, म्हणजे बोटं आवळत नाहीत. कोपर टेबलावर, हवेत लटकत नाही. आणि लिहायच्या आधी सगळ्यांनी उभं राहून हात लांब करून हवेत मोठ्ठाले आठ काढायचे. खांद्यातून. मनगट हललं की ओरडा. खालच्या दुकानवाल्याला वाटायचं वर कसलीतरी प्रार्थना चालते.

आणि मांजर. पान संपलं की पेन खाली ठेवायचं आणि हात मांडीवर उताणा टाकायचा. "मांजर झोपलं," मिस बोलायची. "झोपलेल्या मांजराला उठवायचं नाही. ते आपलं आपण उठतं." परीक्षेत कोण थांबतं हो मधे? पण आम्ही थांबायचो. सुपरवायझर विचारायचे, बरं वाटत नाही का. आणि खरंच, तिसऱ्या तासाला बाकीचे हात झटकत असायचे आणि मी लिहीत असायचे.

स्वतःच्या हाताबद्दल तिने एकदाच सांगितलं. तेही मासे साफ करताना. मिस इन्स्टिट्यूटच्याच मागच्या खोलीत एकटी राहायची. मी वर गेले तर ओट्यावर बोंबील, आणि मिसचा उजवा हात असा चाललेला की काय सांगू, डोकं उडव, पोट काढ, शेपूट छाट, सगळं फटाफट. मी बघतच राहिले.

"मिस, ह्या हाताने सगळं जमतं?"

"सगळं. शिवणं जमतं, टायपिंग जमतं, फळ्यावर लिहिणं जमतं. एक पेन सोडून." तिने बोंबलाकडे बघतच सांगितलं, "स्टेनो होते ना मी. साहेब घोड्यासारखा बोलायचा. एकपण शब्द सांडला तर नोकरी जाईल ही भीती. म्हणून पेन असं धरलं, असं धरलं, की एक दिवस हाताने परत सोडलंच नाही. डॉक्टर बोलले, हा आता पेन बघून घाबरतो."

"मग डाव्या हाताने?"

"डावा शेजारी आहे. शेजाऱ्याला जेवायला बोलवावं, स्वयंपाक करायला लावू नये." आणि मग माझ्याकडे सुरी रोखून, "म्हणून तुला ओरडते. कळलं? जा, आता कांदा काप. सुरी ढिली धर."

एक किस्सा तर सांगायलाच पाहिजे. डोंबिवलीला रविवारी एका हॉलमध्ये फुकट मार्गदर्शन होतं, कोणीही या. मिस बोलली, मला पण यायचंय, तुम्ही तिथे कसे लिहिता बघायचंय. छापील फ्रॉक, गळ्यात क्रॉस, हातात कापडी पिशवी, अशी मागच्या रांगेत येऊन बसली. वक्ते जे सुटले! कलमं, पोटकलमं, अपवाद, अपवादाचे अपवाद. अख्खा हॉल माना मोडून लिहितोय. आणि मागून आवाज आला, खणखणीत.

"सर, जरा श्वास घ्या. मुलांना हात आहेत."

हॉल हसला. सर गोंधळले, "आजी, आपण कोणाच्या पालक?"

"ह्या सगळ्या हातांची," मिस बोलली. "आणि पोरांनो, तुम्ही पण. ते बोलतात ते सगळं कशाला लिहिता? पेन ठेवा. आधी ऐका. मग जेवढं उरलं तेवढंच लिहा."

मी लाजेने टेबलाखाली जायची बाकी होते. पण सर चांगले निघाले हो! त्यांनी खरंच पाच मिनिटं सगळ्यांना पेन ठेवायला लावलं, तोच मुद्दा सावकाश परत सांगितला, आणि मग बोलले, आता लिहा. माझ्या वहीत त्या मुद्द्याच्या चार ओळी झाल्या. अजून पाठ आहेत.

आणि मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली.

सगळे खूश होते. जागा मोठी, लिफ्ट, तोपर्यंतचं भाडं बिल्डरकडून. मिसला एकच प्रॉब्लेम. रजिस्ट्रेशनला सही लागणार. सही लागेल अशी कुठलीच गोष्ट ती वर्षानुवर्षं करत नव्हती, पैसे कार्डाने काढायची, कुरिअरवाल्याला सांगायची, तूच कर. बिल्डरचा पोरगा घरी आला, गोड बोलला, "आजी, टेन्शन नको. सहीच्या जागी अंगठा देऊन टाका. चालतो."

मी तिथेच होते. मिसचा चेहरा असा झाला की मला वाटलं हिला चक्कर येतेय.

पोरगा गेल्यावर बोलली, "माझं माहेर घोडबंदरला. आता टॉवर आहेत तिथे आमची भातशेतं होती. ती विकली तेव्हा आईने अंगठा दिला. मी बाजूला उभी, शाळेच्या फ्रॉकमध्ये. साहेबाने आईचा अंगठा धरून शाईत बुडवला, कागदावर दाबला आणि आईला फडकं पण नाही दिलं पुसायला. आईने हात पदराला पुसला. तो डाग धुवून पण गेला नाही. तेव्हा आई बोलली, हिल्डा, आपल्या घरात अंगठा माझ्यावर संपला. तू सही करायची." मग, "ठशांच्या मशीनवर सगळेच अंगठा लावतात, तो लावीन. पण सहीच्या जागी नाही देणार. घर गेलं तर जाऊ दे."

घर गेलं तर जाऊ दे! आणि बाकीचे सगळे बिऱ्हाडकरू दारात, मिस तुमच्यामुळे आमचं अडेल.

माझ्याच डोक्यात आलं, आणि आलं तेव्हा मी ओरडलेच. "मिस, फळा!"

फळ्यावर तिचा हात घाबरत नव्हता ना. कारण तिथे ती खांद्यातून लिहायची! म्हणजे जे आम्हाला शिकवत होती ते तिने स्वतःच्या हाताला कधी शिकवलंच नव्हतं. मिस माझ्याकडे बघत राहिली. "शहाडवाली," एवढंच बोलली.

मग उलटी शाळा सुरू झाली. आधी फळ्यावर सही, हातभर. मग भिंतीवर चिकटवलेल्या वर्तमानपत्रावर ब्रशने. मग टेबलावर मार्करने. पेन अंगठ्यात धरायचंच नाही, पहिल्या दोन बोटांच्या फटीत अडकवायचं, म्हणजे अंगठ्याला आत पळायला कारणच नाही. दर वेळी सही थोडी लहान. कधी कधी हात मिटायचा आणि मिस शिव्या द्यायची, तिच्या गावच्या बोलीत, मला अर्ध्या कळायच्या नाहीत. वैभवने एकदा तिच्या कागदाखाली कार्बन सरकवले. तिसऱ्या कागदावर 'हिल्डा' एवढं स्पष्ट उमटलं.

"मिस," वैभव बोलला, "गवंडी."

कधी नाही एवढी हसली त्या दिवशी. डोळ्यांतून पाणी काढत बोलली, "चल, दुसरा कार्बन घाल, मेल्या."

रजिस्ट्रेशनला मी ओळख पटवणारी म्हणून गेले. तिथे असा नियमच असतो, कोणीतरी सांगायचं की मी या बाईंना ओळखतो. मला वाटलं एक सही, झालं. गेलो तर हा गठ्ठा! प्रत्येक पानावर सही. मिसने माझ्याकडे बघितलं.

तिने पट्टी गुंडाळलेलं स्वतःचं पेन काढलं. दोन बोटांत धरलं. पहिल्या पानावर सही झाली, दुसऱ्यावर झाली. चौकट एवढीशी आणि मिसची सही चौकटीतून बाहेर निघालेली, शेवटचा फाटा थेट खालच्या ओळीत. टेबलापलीकडचे क्लार्क बोलले, "बाई, चौकटीत करा ना."

"पुढच्या वेळी चौकट मोठी काढा," मिस बोलली.

आणि मग कुठल्यातरी पानावर अंगठा हलला. मी बघितला ना. आत जायला लागला. सही अर्ध्यात थांबली. मागे रांग, लोकांचं च्च् च्च्, कोणीतरी बोललं, "अहो किती वेळ!" बिल्डरचा पोरगा तयारीतच होता, त्याने शाईचा पॅड उघडून पुढे सरकवला. "आजी, द्या अंगठा, मोकळे व्हा."

मिसने पेन खाली ठेवलं. हात मांडीवर टाकला, उताणा.

"झालं काय?" क्लार्क.

"मांजर झोपलंय," मिस बोलली. "उठेल."

सगळे बघताहेत. क्लार्क माझ्याकडे बघतात, ही बरी आहे ना अशा नजरेने. मी आवाज जमेल तेवढा वकिलासारखा केला आणि बोलले, "सर, पार्टी सही करतेय. थांबावं लागेल." थांबले! रांग बडबडली पण थांबली. मिस डोळे मिटून बसलेली आणि तिचा खांदा, फक्त खांदा, बारीक हलत होता. आठ काढत होती. मनातल्या मनात, सब-रजिस्ट्रार ऑफिसमध्ये!

मग पेन उचललं. अर्धी सही पुरी केली. मग पुढचं पान, मग मांजर, मग पुढचं पान. शेवटी क्लार्कनी गठ्ठा चाळला. "बाई, एक सही दुसरीसारखी नाही."

"पण सगळ्या माझ्याच आहेत," मिस बोलली.

ते माझ्याकडे वळले. "तुम्ही ओळखता ना यांना?"

"हो सर," मी बोलले. आणि पुढे होऊन माझी सही केली.

बाहेर आल्यावर कळलं, तिने तो शाईचा पॅड उचलून आणलेला. बिल्डरच्या पोराचा. पिशवीत घातलेला. "कशाला मिस?" तर बोलली, "नाहीतर कोणाच्यातरी आईला दाखवेल हा परत."

खोली रिकामी करायचा दिवस आला. मशीन्स भंगारवाल्याकडे, एक सोडून. उरलेले कार्बन माझ्याकडे. भाची घोडबंदरहून गाडी घेऊन आलेली. तिचा फ्लॅट टॉवरमध्ये, मिसच्या आईच्या भातावर, खूप वरच्या मजल्यावर. "तिथून आईचं सगळं शेत दिसेल," मिस बोलली. मग स्वतःच बोलली, "शेत कुठलं आता."

मी सांगितलं दर रविवारी येईन. गेले का? दोनदा. कल्याणहून घोडबंदर म्हणजे काय ते ज्याला माहितीये त्याला माहितीये, बस त्या ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की दिवस जातो. फोन व्हायचे. मग पुढच्या उन्हाळ्याच्या आधीच भाचीचा फोन आला, की मिस झोपेतच गेली. मी स्टेशनवर उभी होते. फोन एवढा घट्ट धरलेला की नंतर बोटं उघडेनात.

पण टॉवरमधली मिस मला आठवतच नाही. मला ती गाडीतलीच आठवते. भरलेली गाडी, मांडीवर ते एकटं टायपिंग मशीन, काच खाली. गल्लीत गर्दी, मागून टेम्पो हॉर्न मारतोय, भाची बोलतेय, चल गं आत्या. गाडी सुटली. मी हात हलवायला लागले, आपण हलवतो तसा, टाटा.

खिडकीतून मिसचं डोकं बाहेर आलं. मला वाटलं रडतेय. ओरडत होती.

"मनगटातून नको! खांद्यातून! खांद्यातून गो!"

आणि तिचा हात बाहेर आला, उजवा, अख्खा, आणि हवेत मोठ्ठा आठ काढायला लागला. मी पण काढला. भर बाजारात, हात लांब करून, खांद्यातून, एक आठ, परत एक आठ. गाडी वळेपर्यंत. वळली तरी मी काढतच होते.

एक रिक्षा माझ्यापुढे येऊन थांबली. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

"किधर जाना है?"

माझा हात अजून हवेतच होता.